राखीव वाटेची रुंदी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बापलेक बसले होते. थेंब घातल्यामुळे वडिलांचे डोळे मिटलेले होते. मुलगी नेटवर्क सांभाळणारी इंजिनिअर, हे बोलण्यातूनच कळलं.

"काल केबल तुटली म्हणालीस?"

"खोदकामात, बाबा. मोठ्या हॉस्पिटलची मुख्य लाइन गेली."

"अरे देवा! मग?"

"सगळं आपोआप दुसऱ्या केबलच्या राखीव वाटेवर वळलं."

"पण ती अरुंद आहे म्हणून तू वर्षभर भांडत होतीस ना?"

"हो. मुख्य वाटेवरची वर्दळ वाढत गेली, हिला मात्र पहिल्या दिवशी दिली तेवढीच जागा."

"आणि साहेब म्हणायचे, रिकाम्या रस्त्याला रुंदी कशाला?"

"तेच. गेल्या महिन्यात मानले एकदाचे. आता मुख्य वाटेवरची वर्दळ सतत मोजली जाते आणि राखीव वाटेवर तेवढी जागा आपोआप धरली जाते."

"म्हणजे काल निभावलं?"

"काल तिथे एका बाळाचं ऑपरेशन चालू होतं. मोठे डॉक्टर परगावी बसून पडद्यावर बघून सांगत होते."

"चित्र अडकलं?"

"माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी न राहवून मी हॉस्पिटललाच फोन लावला. विचारलं, मधे चित्र थांबलं होतं का?"

"काय म्हणाले?"

"सिस्टर म्हणाली, छे हो, काहीच थांबलं नाही. बाळानं शुद्धीवर येऊन भोकाड पसरलंय. आपण कोण?"

"मग सांगितलंस ना, ऐटीत?"

"नाही हो. राँग नंबर म्हटलं आणि ठेवून दिला."

"वेडी आहेस."

"आहेच. नंतर कितीतरी वेळ एकटीच हसत बसले होते."