सीपीयूचं झाकण बंद होतं

मी मनकर्णा, नवऱ्याचं नाव कालकथित देवाजी दुर्गे. वय शाळेच्या दाखल्यावर छप्पन, खरं किती ते देवाजीलेच माहीत होतं. शिक्षण चौथी, गावच्या शाळेत. धंदा ऑनलाइन सेंटरात झाडपूस. राहणार पिंपळखुटी, मंडळ बेला, जिल्हा आदिलाबाद. आज बुधवारी ठाण्यात सोता हजर होऊन सांगते ते असं.

मयत मैत्री, वय चोवीस, ही माही सून. माहा पोरगा हर्षदीप हैदराबादले कामाले असते. मैत्री आन मी एकाच सेंटरात होतो. ती कम्प्युटरवर लोकायले जमिनीची पहाणी, दाखले काढून दे. सेंटर रविकांत उद्धवराव यायचं हाये.

रविकांतनं गावात आन ठाण्यातबी सांगितलं का मैत्रीनं सीपीयूचं झाकण खोललं, ओला हात मंदी घातला, म्हणून मेली. तिची चुकी होती असं कागदावर येऊन राह्यलं. ते खोटं हाये. त्याच्यासाठी मी आली.

सुधाकरराव जमादारानं इचारलं का तुमाले कम्प्युटरातलं काय समजते. मंदलं कायी समजत नाई. बाहीरचं इचारा. दोन वर्षं झाले, रोज सकाळी मीच पुसते.

सीपीयूचा डब्बा काळा, टिनाचा, माह्या गुडघ्याएवढा. टेबलाखाली फरशीवर ठेवेल असते. तोंडाची बाजू प्लास्टिकची, तिले उभ्या फटी. फटीतली धूळ जुन्या टूथब्रशनं काढा लागते. वरच्या अंगाले दोन गोल बटनं. मोठं चालू कराचं, लहान्याले मैत्री मले हात लावू देत नोती. त्याखाली पेनड्राइव्हची दोन भोकं, एकाची पत्ती वाकेल. बुडाले चार रबरी पाय, त्यातला एक गेला, तिथं मी पुठ्ठा लावला. डाव्या बाजूचं झाकण मांगून दोन पेचायनं कसेल. वरच्या पेचावर दुरुस्तीवाल्याचं पांढरं स्टिकर, अर्धं झाकणावर, अर्धं डब्ब्यावर. झाकण खोललं का ते फाटलंच पायजे. मांगच्या फटी झाकाच्या लांब पट्ट्यातल्या दोन नाई. तिथून उंदीर मंदी जाये. रविकांतले मी दोन डाव सांगितलं. तो म्हणे, उंदरालेबी दाखला काढाचा असन.

उन्हाळ्यापासून डब्ब्याले हात लागला का मुंग्या येत. जिथं रंग उडेल तिथं, पेचापाशी, भोकापाशी, जास्त. मैत्रीनं मले सांगितलं तवा मी हासली. म्हटलं, नवरा हैदराबादले, हा डब्बा तरी तुले गुदगुल्या करते. ती लाजली, मंग तीबी हासाले लागली.

वायरच्या तीन पिनातली जाड पिन रविकांतनं पक्कडीनं मोडली होती. बोर्डाले दोनच भोकं, म्हणून. मोडताना मी डोयानं पाह्यलं.

परवा सोमवारी सकाळी पावणेनऊले मी सेंटर उघडलं. डब्बा कोरड्या फडक्यानं पुसला. स्टिकर साबूत होतं. मंग फरशी पुसली. नऊ वाजता मैत्री आली. तिनं कम्प्युटर चालू केला आन पेनड्राइव्ह लावाले टेबलाखाली वाकली. आवाज झाला नाई. मी दारातून बोलून राह्यली होती, ती उत्तर देत नोती. मले वाटलं मस्करी करून राह्यली. आमची मस्करी रोजचीच. मी म्हटलं, झोपली का वं. मंग पाह्यलं. हात डब्ब्यालेच होता. मी बोर्डाचं बटन बंद केलं. मंदात किती येळ गेला ते जमादारानं इचारलं. मले सांगता येत नाई.

ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. नऊ चाळीसले डॉक्टरनं संपली म्हणून सांगितलं. सेंटरातून निघालो तवा झाकण बंद होतं, दोनी पेच जागेवर. अकरा वाजता पंचनाम्याले पोलीस आले तवा झाकण भिंतीले टेकवून ठेवेल होतं. पेचकस सेंटरात नसते. ते रविकांतच्या मोटारसायकलच्या डिक्कीत असते.

काल संध्याकाळी रविकांत घरी आला. संग त्याची आई आशाबाई होती, ती दारातच थांबली. तो म्हणाला, “मावशी, झाकण खुलं होतं म्हणा. नाई तं फरशी कोनं ओली केली ते मी सांगन.”

मी म्हटलं, “तू काऊन तरास घेतं बाबू, मीच सांगते.”

म्हणून सांगते. फरशी मी ओली केली. मुंग्या येऊ नये म्हणून मैत्री काम करताना रबरी चपला पायातच ठेवे. सोमवारी ती चपलीनं मंदी येऊन राह्यली होती. मी म्हटलं, “महाराणी, चपला बाहीर काढा, आत्ताच पुसलं.” तिनं काढल्या.

सुधाकरराव म्हणाले, बाई, हे नाई लिवलं तरी चालते, हे तुमच्यावरच येईन. मी म्हटलं लिवा. झाकण बंद होतं हे लिवता तं हेबी लिवा. हर्षदीप परवापासून घरी बसेल हाये. त्याले चपलीचं मी अजून सांगितलं नाई. जबाबाची नक्कल भेटली का त्याच्याच हातात देणार हाये.

जबाब मले पुरा वाचून दाखवला, मी बोलली तसाच हाये. चपलीच्या जागी जमादारानं आवाज हळू केला. मी मोठ्यानं वाचाले लावलं, ऐकलं, आन मंग सही केली.