ज्याची सीडी त्याची

बायको — हे काय, हा खोका अजून रिकामाच? माझी भांडी बांधून झाली, पडदे काढून झाले, आणि तुम्ही त्या कपाटासमोर मांडी ठोकून बसलाय.

नवरा — विचार करतोय.

बायको — तो तर लग्नापासून करताय. उद्या सकाळी टेम्पो दारात उभा राहील. नव्या घरात या कपाटाला भिंतच नाही, एकीकडे खिडकी आणि दुसरीकडे दार. ठमीने मापं घेऊन बजावलंय, सीड्यांचा एकच खोका येईल, वर एक डबीही नाही.

नवरा — आपली लेक आहे की जेलर?

बायको — लेक आहे म्हणून एक तरी देतेय. तिचं म्हणणं, सगळी गाणी फोनमध्ये असताना हे प्लास्टिक वाहून न्यायचंच कशाला.

नवरा — फोनमधलं गाणं भाड्याचं. परवा तुझं ते आवडतं कुठे गेलं? आदल्या दिवशी होतं, दुसऱ्या दिवशी नाव करडं झालं, आणि कितीही बोट मारलं तरी ढिम्म. कोणी नेलं, का नेलं, विचारायची सोय नाही. कपाटातलं गाणं असं कोणी उचलून नेत नाही. मालकीचं ते मालकीचं.

बायको — झालं सुरू. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलता बदलता हेच ऐकवत असाल. ही ओळ दिसतेय का, आणि मालकीचं ते मालकीचं, हे पटतंय का.

नवरा — पटतं त्यांना.

बायको — नाकावर ती तपासायची जड फ्रेम अडकवलेला माणूस, पटलं नाही म्हणून पळेल कुठे? मला विचाराल तर फोन बरा. लॅबमध्ये एका कानात इअरफोन घालायचा आणि रक्ताच्या नळ्या तपासत बसायचं, शीण म्हणून कळत नाही. एकच पंचाईत आहे. तुम्ही.

नवरा — मी काय केलं?

बायको — ठमीचं गाण्यांचं एकच खातं दोघांच्या फोनवर. तुम्ही तिकडे गाणं लावलं की माझं इकडे मुकं. रोज सकाळी ऐन रंगात आलेलं कडवं मध्येच तुटतं. बरोबरच्या पोरी हसतात. म्हणतात, मॅडम, सरांनी दुकान उघडलं वाटतं.

नवरा — मग ठमी म्हणतेय ना, दोघांचं वेगवेगळं करून देते. हो म्हण आणि सुट.

बायको — म्हणते. आधी हे आवरा. दुहेरी आहेत त्या पहिल्यांदा बघू. लग्न झालं तेव्हा तुम्ही एक पेटी भरून सीड्या आणल्यात, मी एक पेटी भरून आणल्या, आणि निम्म्या सारख्याच निघाल्या.

नवरा — आवडी जुळल्या म्हणून तर लग्न झालं.

बायको — आणि ताई म्हणाली, सारख्या आहेत म्हणून तुझ्या टाकू नकोस. आपल्या वस्तूवर आपली खूण असू दे. पुढे काय होईल, कोणी पाहिलंय?

नवरा — तुझी ताई लग्नाला आली होती की पंचनाम्याला, मला अजून कळलेलं नाही.

बायको — ताईला नावं ठेवू नका. मी माझ्या डब्यांवर लॅबमधल्या चिठ्ठ्या लावल्या, तर दुसऱ्याच दिवशी तुम्ही तुमच्या डब्यांवर चष्म्याच्या फ्रेमची स्टिकरं डकवलीत. वरची फळी माझी, खालची तुमची. कोणी कोणाच्या फळीला हात लावायचा नाही.

नवरा — मी लावतोच की.

बायको — तेच तर. आपल्या कोऱ्या ठेवायच्या आणि माझ्या झिजवायच्या. इतकी वर्षं बघतेय, दुहेरीतली एक कधी स्वतःची लावाल तर शपथ. असला चिक्कू माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नवरा — बरं बाई, चिक्कू तर चिक्कू. दुहेरीतल्या तुझ्या खोक्यात भर आणि माझ्या सगळ्या भंगारात दे. मिटलं भांडण.

बायको — काय म्हणालात?

नवरा — माझ्या भंगारात.

बायको — आत्ता मालकीचं ते मालकीचं चाललं होतं. तडा गेलेलं भिंगसुद्धा खणात जपून ठेवणारे तुम्ही. बरं वाटत नाहीये का?

नवरा — समजूतदारपणा केला तरी तुला ताप वाटतो.

बायको — असा सुखासुखी केला की वाटतो. उद्या नव्या घरात ऐकवाल, तुझ्यासाठी माझ्या टाकल्या. ते काही नाही. एकेक जोडी काढायची, दोन्ही बघायच्या आणि जी चांगली ती न्यायची. सरका.

नवरा — अगं, वाकू नकोस. तुझी कंबर.

बायको — सीडी आहे, सिलिंडर नाही. आणा ती इकडे.

नवरा — दुसरी घे. ही नको.

बायको — ही का नको?

(डबी उघडल्याचा आवाज.)

बायको — रिकामी आहे.

नवरा — प्लेयरमध्ये राहिली असेल.

बायको — प्लेयर मी बांधलाय. त्यातली माझी होती. ही उघडते. हीही रिकामी. ही पण. अहो, तुमच्या बाकीच्या सीड्या जागेवर आहेत. फक्त दुहेरीतल्याच नाहीत. एकही नाही.

नवरा — हळू उघड. बिजागऱ्या नाजूक असतात.

बायको — बिजागऱ्या गेल्या खड्ड्यात. सीड्या कुठे आहेत?

नवरा — गावभर. चष्म्यावर सीडी मोफत, आठवतं?

बायको — ती तुमची योजना? त्या सीड्या तर घाऊक बाजारात स्वस्तात मिळाल्या होत्या.

नवरा — असं मी म्हणालो होतो.

बायको — चष्मा पुसायच्या कापडात गुंडाळून देत होतात. कापडाच्या घड्या मी घालून दिल्या, जेवणं झाल्यावर बसून. डबी का नाही विचारलं, तर म्हणालात, डबी दिली की परवडत नाही. अहो, पण ते तर मी ताईकडून परत आले तेव्हाचं.

नवरा — तू आलीस आणि लगेच मी पाटी लावली.

बायको — सांगा आता सगळं. खोका राहू दे बाजूला.

नवरा — सांगण्यासारखं काय आहे? त्या मोठ्या लॅबचा तुझ्या नोकरीसाठी फोन आला आणि मी परस्पर सांगून टाकलं, ती येणार नाही. तुला विचारलंही नाही.

बायको — ते मला पाठ आहे. पुढचं सांगा.

नवरा — तू ठमीला घेतलंस, वरची फळी घेतलीस आणि ताईकडे निघून गेलीस. कपडे राहिले, चपला राहिल्या, फळी मात्र साफ. मी म्हटलं, गेली तर गेली, माझ्याकडे तीच गाणी आहेत, माझं काय अडलंय? लावलं एक. आवाज तोच, चाल तीच. काही म्हणता काही कमी नव्हतं. आणि मला ऐकवेना. दुसरं लावलं, तेही अर्ध्यावर बंद केलं. तू नाहीस आणि तरी काही अडत नाही, असलं घर मला नको होतं.

बायको — मग मी आल्यावर बोलायचंत.

नवरा — काय बोलू? तू तुझ्या सीड्या एकेक करून फळीवर मांडत होतीस. माझ्या वाटून टाकतोय, आता तू गेलीस तर यातलं एक गाणं माझ्या घरात उरणार नाही, असं म्हटलं असतं तर तू दया येऊन राहिली असतीस. तुला जायची मोकळीक असू दे, असं मनाशी ठरवलं. म्हणून डब्या ठेवल्या जागेवर.

बायको — वा. फारच शहाणपणा केलात.

नवरा — टोमणा आहे ना हा?

बायको — आहेच. आणि मी काय समजत होते, ते ऐका. दर आठवड्याला हे कपाट पुसताना त्या खालच्या फळीकडे नजर जायचीच. वाटायचं, या माणसाने आपली तयारी पक्की करून ठेवलीय. आपल्या सीड्यांना बोटसुद्धा लावत नाही. मी उद्या गेले तरी याच्या घरात सगळं वाजत राहील. म्हणून मी माझ्या टाकल्या नाहीत. ताईची शिकवण मी परत आले त्याच दिवशी सोडली होती. तुमच्याकडे बघून पुन्हा धरली.

नवरा — म्हणजे इतकी वर्षं तू माझ्या रिकाम्या डब्यांना घाबरून होतीस?

बायको — दुनियेला चष्मे वाटता आणि बायकोच्या चेहऱ्यावरचं दिसत नाही तुम्हाला.

नवरा — आणि तू? थेंबभर रक्तावरून माणसाचं काय बिघडलंय ते सांगतेस, आणि एक डबी उघडून बघितली नाहीस.

बायको — हात लावायचा नाही असं ठरलं होतं. मी शब्दाची पक्की आहे.

नवरा — ते खरं. रडतेस की काय?

बायको — धूळ आहे. तुमच्याच फळीची.

नवरा — रुमाल देऊ?

बायको — तो बांधला मी मघाशी. चष्म्याचं कापड असेल खिशात, ते द्या.

नवरा — घे. याच्यावर सीडी नाही मिळायची.

बायको — पुरे. आता ऐका. माझ्या डब्या बघा, एकीची बिजागरी धड नाही. उघडझाप करून करून तुम्हीच वाट लावलीत. तुमच्या नव्यासारख्या आहेत. माझ्या सीड्या तुमच्या डब्यांत घालते, माझ्या डब्या जाऊ देत भंगारात. एका खोक्यात आरामात बसतील.

नवरा — आत तुझी सीडी आणि वर माझं स्टिकर? ताईला काय सांगशील?

बायको — ताईचं काय घेऊन बसलात. त्या वर्षी ती चष्मा करायला तुमच्याचकडे आली होती ना? तिलाही दिलीत की काय सीडी?

नवरा — दोन दिल्या. जवळचा आणि लांबचा वेगवेगळा घेतला तिने.

बायको — तरीच. मागे तिच्याकडे गेले तेव्हा लावून बसली होती. मला म्हणते कशी, तुझा नवरा बाकी कसाही असो, गाणं निवडतो चांगलं.

नवरा — बाकी कसाही म्हणजे कसा?

बायको — तिला विचारा. तुमचा फोन वाजतोय, तो घ्या आधी.

नवरा — ठमी आहे. त्या वेगळ्या खात्याचंच विचारत असेल. करून टाक म्हणू ना? उद्यापासून तुझं गाणं मध्येच तुटायचं नाही.

बायको — नको म्हणा.

नवरा — अगं, मघाशी तर कुरकुरत होतीस.

बायको — कुरकुर माझी आहे, मी करीन हवी तितकी. नव्या घरापासून दुकान लांब पडणार, त्यात तुमचे हे गुडघे. तिकडे लॅबमध्ये माझं गाणं बंद पडलं की कळतं मला, तुम्ही पोचलात.