पांढऱ्या धाग्याच्या पुड्या

...नाई, तुमीच सांगा, माणसानं आपल्याच घरच्या स्लॅबवर पाय ठेवायचा तर बायकोले विचारून ठेवायचा का? अन् विचारलं तर उत्तर काय? "वर जाऊ नका जी, भात वाळून राहिला!" धान नाई, भात! शिजलेला! अवो, तीस वरसं झाले, मी आमगावात धान घेऊन राहिलो. धान वाळवतात हे मले मालूम आहे. पण धानाचा तांदूळ केला, तांदळाचा भात केला, चांगला मऊ, पाणी टाकून टाकून... अन् मंग तोच भात उन्हात पसरवून त्यातलं पाणी काढायचं? मंग टाकलं कायले होतं? तुमाले सांगतो, मी काई शकी माणूस नाई. पण डोक्यात विचार तर येते ना!

सुरुवात झाली बिना तेलाच्या भाजीपासून. आमची पुष्पाबाई, म्हंजे आमचं कुटुंब, वांग्याची भाजी अशी करते का तेल वर तरंगलं पाहिजे. अन् एक दिवस पाहतो तर गॅसवरच्या गंजात वांगी पडली आहेत, तेलाचा थेंब नाई, एकदम दवाखान्यातल्यासारखी. मी म्हटलं, "काऊन वं, तेल संपलं का?" तर म्हणते, "तेलानं खवट होते." म्हटलं, "खवट व्हायले टाइम लागते, मी तर दहा मिनिटात खाऊन घेतो!" तर काय म्हणाली माहीत आहे? "ही आज खायची नाई. मंग खायची." मंग म्हंजे कवा? "लागन तवा." कोण खाणार? "ज्याले लागन तो!" ऐकलं? ज्याले लागन तो! नवरा ताट घेऊन समोर बसला आहे, अन् ज्याले लागन तो दुसराच कोणी आहे!

आता वाळवण आमच्या घरी काई नवीन नाई. सांडगे होतात, वड्या होतात, लाखोरीची भाजी वाळवून आमी बरसातीत खातो. तेवढं चालते. पण मी त्या दिवशी ती बाजारात गेली पाहून चुपचाप स्लॅबवर गेलो, मच्छरदाणी उचलली... अन् बाप्पा! इकडं भात, तिकडं वांगी, मधात मोठ्या प्लास्टिकवर वरण. वरण! पसरवून, वाळवून, पापडासारखं सुटून आलेलं! मीनं एक तुकडा तोडला अन् दाताखाली धरला. माझा धंदाच तो आहे. शेतकरी म्हणते, "शेठ, कडक वाळलं आहे," मी एक दाणा चावतो अन् सांगतो, "ओला आहे, घेऊन जा." मले कोणी फसवू शकत नाई. वरण चावलं, कट्टकन मोडलं! एक नंबर वाळलेलं! आता सांगा, एवढं इमानदारीनं वाळवायचं, म्हंजे माल दूर जाऊन राहिला. दूर कोण आहे आपलं?

अन् दुकानातलं माझं ओलावा पाहाचं मीटर चार दिवसांपासून गायब होतं. मी हमालावर शक घेतला, त्याले बोललो पण. मीटर निघालं कुठी? स्लॅबवर, मच्छरदाणीच्या बाजूले, त्यात भाताची शितं! मीटर काय दाखवते तर आठ. अवो, सतरा टक्के ओलाव्यापर्यंत आमी धान घेतो. आठ! सरकारी गोदामात एवढा सुका माल नसन!

मी काई शकी माणूस नाई. पण शोध तर घ्यावा लागते. घेतला. पलंगाखाली दोन स्टीलचे डबे. त्यात पुड्या. एका डब्यातल्या पुड्यांले लाल धागा, दुसऱ्यातल्यांले पांढरा. लाल फोडली, चाखली... तिखट, मीठ, सारं बराबर. पांढरी चाखली तर मिठाचं नाव नाई, मिरची नाई. म्हटलं, सापडला! बिना मिठाचं कोण खाते? आमच्या बाजूले केवलराम मास्तर राहतात, रिटायर, एकटेच, बीपीवाले. सकाळी आमच्या फाटकासमोरून फिरायले जातात, अन् हळूहळू जातात! कायले हळूहळू?

गेलो मास्तरकडे. चहा घेतला, पाण्यापावसाचं बोललो, अन् सहजच विचारल्यासारखं विचारलं, "मास्तर, भाजीत मीठ कसं खाता?" ते पुस्तकातल्यासारखे बोलतात ना, "उदारामजी, मीठ मी संपूर्ण वर्ज्य केले आहे. का बरं? पुष्पाताईंनी काही पाठवलं आहे का?"

काही पाठवलं आहे का! म्हंजे वाट पाहून राहिला माणूस! तसाच घरी आलो, पांढरी पुडी घेतली, बायकोच्या समोर आपटली. "हे कोणाचं आहे? आज खरं सांग!" तर ती हासाले लागली. हासून हासून खाली बसली. अन् फोन लावून माझ्या हातात देल्ला. तिकडं आमची पोरगी, चेतना, पुण्यात नोकरी करते, तिची बोलीच बदलली आता. "बाबा, अहो ते आमच्या ट्रिपचं जेवण आहे! आम्ही पाच जणी इटियाडोह धरणात चार दिवस कॅनोनं फिरणार, रात्री काठावर तंबू लावणार. तिथं दुकान नाही, बाबा. अन् वजन कमी पाहिजे. पाण्यावरून पाणी कशाला वाहून न्यायचं? भाजी सुकी न्यायची, तिथं गरम पाणी टाकायचं की झाली ताजी!"

म्हटलं, कॅनो म्हंजे काय? म्हणते, अरुंद होडी. म्हटलं, डोंगा म्हण ना मंग! अन् चार दिवस जंगलात, पाण्यात... तुमच्यासोबत मोठं माणूस कोण आहे? तर म्हणते, "आई आहे ना. पुढं बसून चप्पू मारायला."

कोण? ही?

मीनं फोन ठेवला अन् पुष्पाबाईकडं पाहिलं. ती भात पलटवून राहिली होती. म्हणते, "माझ्या बापाच्या गावचा तलाव आमच्याच पूर्वजांनी बांधला. त्यात शिंगाडे लागत. दहा वरसाची होती तवापासून मी डोंगा घेऊन शिंगाडे तोडाले जात होती. एकटी." म्हटलं, "तू कवा सांगतलं नाई?" तर म्हणते, "तुमी कवा विचारलं?" खरं सांगतो तुमाले, मले वाईट वाटलं. तीस वरसं झाली, आमी त्याच तलावाच्या पाळीवरून सासरवाडीले गेलो-आलो. मी पाण्याकडं पाहून विचारायचो, औंदा धान किती होईन?

पण मंग माझ्या ध्यानात आलं. बीपी तर मले पण आहे! मीठ तर मले पण बंद आहे! म्हंजे पांढऱ्या धाग्याच्या पुड्या माझ्या! म्हंजे मी पण डोंग्यात चाललो! मनातल्या मनात मास्तरची माफी मागितली. अन् लगेच दुसरा विचार आला... मागच्या हप्त्यात हिनं मले विचारलं होतं, "तुमाले पोहता येते का जी?" मीनं म्हटलं होतं, नाई. अन् त्यावर हिनं नुसतं "बरं" म्हटलं होतं. बरं म्हंजे काय? पोहता न येणाऱ्या नवऱ्याले कोणी खोल पाण्यात कायले नेते? मी काई शकी माणूस नाई! पण पंक्चरवाल्याकडून ट्रकची एक ट्यूब आणली, हवा भरली, कमरेत घालून आंगणात दोन दिवस चालून पाहिलं. बाजारात साऱ्यांले सांगून टाकलं, मी चार दिवस इटियाडोहले चाललो, धान आणू नका. एक व्यापारी म्हणे, "क्या बात है सेठ, इस उमर में हनीमून!" मी लाजलो पण, खोटं कायले बोलू.

जायच्या दिवशी जीप आली. पोरी उतरल्या, चेतना उतरली. डोंगे जीपच्या टपावर उलटे बांधले होते. अन् आमची पुष्पाबाई लुगड्यावर नारंगी जाकीट घालून बाहेर आली, अन् तुमाले सांगतो, मी ओळखलंच नाई. पंचवीस वरसाची दिसून राहिली होती. मी ट्यूब घेऊन समोरच्या सीटवर बसलो. तर म्हणते, "उतरा जी."

"काऊन?"

"हे घ्या तुमच्या पुड्या. सकाळी एक, रातच्याले एक. कटोऱ्यात गरम पाणी टाका अन् अर्धा घंटा झाकून ठेवा. मधात उघडून पाहू नका, तुमाले सवय आहे. गॅस पेटवता येते ना?"

डबा माझ्या हातात. ट्यूब गळ्यात. जीप गेली. अन् फाटकाजवळून मास्तर हळूहळू चालले होते, म्हणतात, "उदारामजी, प्रवास लवकर आटोपला!"

पहिल्या दिवशी अर्धा घंटा कोण थांबते? पाच मिनिटात खाल्लं. वांगं दातात असं वाजलं का बाजूवाल्याले ऐकू गेलं असन. दुसऱ्या दिवशी पाणी एवढं टाकलं का वरणात मीच डोंगा चालवला असता. आज तिसरा दिवस. आज झाकलं, अन् उघडून पाहिलं नाई. देवाशप्पथ. अर्ध्या घंट्यानं झाकण काढलं... तर तेच वांगं! फुगलेलं, मऊ, तिच्या हातचं, त्याच दिवशीचं. पुडीत मिरची नाई तरी डोळ्याले पाणी आलं. बिचारी तेल बंद करून, उन्हात बसून, महिनाभर माझी सोय करून राहिली होती, अन् मी तिच्यावर...

मंग डबा नीट लावून ठेवावा म्हटलं, तर खाली कागद. कागदाखाली आणखी पुड्या. आता पाहा, चार दिवस, रोज दोन, आठ झाल्या. बराबर? डब्यातल्या अन् खाल्लेल्या मिळून चौतीस! पांढऱ्या धाग्याच्या चौतीस! लगेच फोन लावला. "अवं, पुड्या जास्त झाल्या!" तिकडून पाण्याचा आवाज, पोरी खिदळून राहिल्या, अन् हिचा आवाज एकदम मोकळा, "असू द्या जी! सुकलेलं खराब होत नाई!" अन् फोन बंद.

आठ गेल्या तर सव्वीस. सव्वीस म्हंजे तेरा दिवस. तेरा दिवसात डोंगा कुठवर जाते हो?

नाई नाई, मी काई शकी माणूस नाई. तुमी बसा ना जी, उठता कायले? पाणी ठेवलं आहे गॅसवर. जेवूनच जा. अर्धा घंटा तर लागते... अन् पुड्या भरपूर आहेत.