दाढी नको

पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक आजोबा होते.

“सांताक्लॉजचा ड्रेस द्या. दाढी नको.”

“दाढीशिवाय बँडवाले दिसाल, काका. नाताळची पार्टी आहे ना घरी?”

“हो. मुलगा, सून, तीन नातवंडं. वर्षातून एकदाच येतात.”

“मागच्या वर्षी तर दाढी नेली होतीत.”

“नेली होती. तासभर तिघंही माझ्या मांडीवरून उतरेनात. धाकटीने तर दाढीचा पापा घेतला.”

“मग अजून काय पाहिजे?”

“कपडे बदलून बाहेर आलो, तर तीच आईमागे लपली. म्हणाली, हे कोण?”

“लहान आहे हो. पण दाढी नसली तर पोरं तुम्हाला लगेच ओळखतील, काका.”

“खरंच ओळखतील?”