दुसरा डोळा

राजापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर असलेल्या माझ्या पुतण्याचं पत्र तीन महिने पुस्तकात पडून होतं. 'काका, इथेच राहू, की मुंबईत स्वतःचा दवाखाना काढू?' सारं आयुष्य पुस्तकांत काढलेल्या माणसाने काय सांगावं?

काल भाट्याच्या तरीवर होडीची वाट पाहत होतो. शेजारी एक म्हातारी आणि मुंबईहून आलेला तिचा भाऊ बोलत होते.

"सोनूबाय, मुंबईस चल. तिथला डॉक्टर बाटलीसुद्धा स्वतःची देतो, वर चिठी चिकटवून. राजापुरास बाटली घरनं न्यायची."

"नेली तर हात झिजतो काय?"

"फुकटचं औषध म्हणजे रंगीत पाणी गो."

"त्याच पाणीवाल्याने माझा हा डोळा उघडलान, भागोजी. दुसरा डोळा शिमगा झाला की करतो म्हणालान."

"कंपौंडर सांगत होता, तो नोकरी सोडून मुंबईस जायचा."

"खरं सांगतोस?"

"मग चल की. तिकडे तोच भेटेल."

"मला भेटेल रे. शेजारच्या तुळसाला कोण भेटेल? तिचे दोन्ही मिटलेत."

"बरं, ऊठ. होडी आली."

"थांब जरा. ह्या डोळ्याने गलबताचं शीड दिसतंय, पांढरंशुभ्र. हा झाकला की नुसतं धुकं. पण धुक्यातसुद्धा काहीतरी हलतंय."

होडी त्यांना घेऊन गेली. मी चढलोच नाही. मागे फिरून पोस्टात जाऊन पुतण्याला कार्ड लिहिलं, 'मला यातलं कळत नाही. पण सोनूबाई आणि तुळसा शिमग्याची वाट पाहत आहेत.'

आणि कार्ड पेटीत टाकलं.