पहिल्या हाकेला ओ नाही

आदरणीय अध्यक्ष तोतारामआबा, व्यासपीठावरील मान्यवर, उद्या शिरपूर सोडून जळगावला निघालेले आपले डॉक्टर पितांबर नेरकर, आणि दाटीवाटीनं बसलेल्या बंधुभगिनींनो,

डॉक्टरांचे गुण आधीच्या वक्त्यांनी इतके सांगितले, की माझ्या वाट्याला शेंगांची टरफलंच उरली. त्यात मी कापसाच्या जिनिंगचा माणूस. यंत्राच्या घरघरीत बोलायची सवय. आवाज चढला तर सांभाळून घ्या.

तीन वर्षांपूर्वी माझा नातू दवाखान्यात होता. शेजारच्या खाटेवर सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली रेशमा, सात वर्षांची. मूत्रपिंडाच्या दुखण्यानं तोंड असं सुजलेलं, की डोळे शोधावे लागत. वर जंतूंचा ताप. डॉक्टरांनी तेव्हा नवंच आलेलं स्ट्रेप्टोमायसिन टोचायला घेतलं. ताप उतरला, पोर वाचली, डॉक्टरांचं नाव झालं. मग ती म्हणू लागली, कुणीतरी घंटा वाजवतंय. दवाखान्याजवळ ना देऊळ, ना शाळा.

त्यांच्या गावात पोरांना शिकवतात, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल. ते दुसरं जे असतं, त्याला तिसरी हाक मारता येत नाही. त्यामुळे रेशमा हाकेला गप्प राहू लागली, तेव्हा तिची आई धनीबाई खूशच झाली. पोर घंटेला भुलली नाही, शहाणी आहे, असं तिनं मला सांगितलं. मीही मान डोलावली.

एका दुपारी धनीबाई लेकीच्या पाठीशी उभी राहून हाका मारत होती. एक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. चौथीही झाली. रेशमा खिडकीकडे बघत हसत होती. बाई स्वतःचेच हात चाचपून बघू लागली. तेवढ्यात डॉक्टर आले. तिनं त्यांना हळूच विचारलं, "डाक्टरदादा, मी जित्ती शे ना?"



डॉक्टरांनी पोरीच्या कानामागे टाळी वाजवून पाहिली. मग म्हणाले, "बाई, तू जिवंत आहेस. हिचे कान गेलेत. माझ्या सुईनं गेलेत."

मूत्रपिंडं थकलेली, औषध अंगाबाहेर पडेना, ते साचलं आणि कानांवर उतरलं, हे त्यांनी सगळ्यांदेखत समजावून सांगितलं. सुई थांबली. कान परत आले नाहीत.

तेव्हापासून सुजलेल्या पोराला डॉक्टर ती सुई टाळतात. अगदीच नाइलाज झाला, तर रोज आधी त्याच्या मागे उभं राहून हलक्या आवाजात नाव घेतात. पोर वळलं तरच सुई. लोक म्हणाले, डॉक्टर लपंडाव खेळतात. त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या डॉक्टरसाहेबांना माझी विनंती आहे, हा लपंडाव मोडू नका.

रेशमा आजही तपासणीला येते. डॉक्टर तिच्याही मागे उभे राहून हाक मारतात. का, ते मी विचारलं नाही. आज ती पहिल्या रांगेत बसून माझे ओठ बघते आहे. मघाशी हार घालून घेण्याआधी डॉक्टर तिच्या मागे गेले होते, हे काहींनी पाहिलं असेल. तिसऱ्या हाकेनंतर ते इथे येऊन बसले.

बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. तुम्ही ऐकलंत, मी आभारी आहे.