दादाचं प्रस्थान

विमान बदलाचं असलं तं मंधात भरपूर वेळ ठेवा बाप्पा, नाहीतं आमच्या दादासारखं होते. स्वराज्याले पाच-सात वर्षं झाली असतील. दादा कामरगावाहून विलायतेले चालला होता. मुहूर्त दोन दिवस आंधीच येत होता, म्हनून आईनं प्रस्थान ठेवलं. धोतरात सुपारी बांधून गाठोडं शेजाऱ्याकडे नेऊन ठेवलं, का झाला प्रवास सुरू. निंघताना दादा ते गाठोडं तिथंच इसरला. पुढं कैरोले दुसरं विमान घंट्याभरातच होतं. ते हुकलं, एक दिवस तिथंच गेला.

लंडनची घरमालकीन म्हने, “तुमी तं कालच आले. सकाळपासून वर फिरून राह्यले.”

“काल मी कैरोले होतो.”

“मंग वर कोन हाये?”

दादा वर गेला. खोलीत कोनी नव्हतं. उशाशी आईनं बांधलेलं गाठोडं होतं, अन अंथरून गरम होतं.